‘झाईरीका’ : एकाच वेळी वाजवायच्या चार सीडींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘द फ्लेमिंग लिप्स’ या अमेरिकी बँडचा ‘झाईरीका’ हा अल्बम ऐकायला घरी या, असे कोणालाही सांगितले की समोरून येणारे उत्तर ठरलेले असते: लिंक पाठव, सवडीने ऐकतो. या अल्बमच्या बाबतीत ते इतके सोपे का नाही, हे समजावून सांगता सांगता जी उत्तरे तोंडपाठ झाली, ती येथे एकत्र लिहून ठेवली आहेत. पुण्यातील आमच्या घरी हा अल्बम ऐकण्याचा घाट आजवर चार वेळा घातला गेला. त्यांतील एक बैठक पूर्णपणे फसली आणि एक अर्धी फसली. या दोन फसलेल्या बैठकांनी जे शिकवले, तेही उत्तरांत आले आहे.

‘झाईरीका’ हा नेमका काय प्रकार आहे?

हा द फ्लेमिंग लिप्सचा आठवा स्टुडिओ अल्बम असून वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने तो २८ ऑक्टोबर १९९७ रोजी प्रकाशित केला. वेष्टन उघडले की आतून चार सीडी निघतात आणि चारही सीडींवर त्याच आठ गाण्यांची नावे, त्याच क्रमाने असतात. चार सीडी आहेत म्हणजे भरपूर गाणी असतील, असा समज होणे साहजिक आहे. प्रत्यक्षात प्रत्येक गाणे चार भागांत वाटून चार सीडींवर ठेवलेले आहे, आणि चार वेगवेगळ्या प्लेयरमध्ये चारही सीडी घालून त्या एकाच क्षणी सुरू केल्या, तरच संपूर्ण गाणे खोलीत उभे राहते. प्रत्येक सीडी स्वतंत्रपणे स्टिरिओ, म्हणजे डावी-उजवी अशा दोन वाहिन्यांची, असल्यामुळे श्रोत्याभोवती एकूण आठ वाहिन्यांतून आवाज येत असतो. अल्बमची लांबी पाऊण तासाच्या आसपास आहे, पण तो लावण्याची तयारी धरली तर अख्खी संध्याकाळ जाते.

हा बँड कोणता? त्याला इंडी म्हणावे का?

ओक्लाहोमा सिटी येथे १९८३ मध्ये सुरू झालेला हा बँड. ‘झाईरीका’च्या वेळी त्यात गायक आणि मुख्य कल्पक वेन कॉइन, जवळजवळ कोणतेही वाद्य हाती धरू शकणारा स्टीव्हन ड्रोझ्ड आणि बास वाजवणारा मायकेल आयव्हिन्स असे तिघे होते. गिटारवादक रोनाल्ड जोन्स १९९६ मध्ये बँड सोडून गेला होता, आणि गिटारवर उभा असलेला जुना ढाचा त्याच्या जाण्याने आपोआप मोडला. उरलेल्या तिघांनी त्याच्या जागी दुसरा गिटारवादक शोधला नाही. त्यांनी ‘रॉक बँडने काय वाजवावे’ हा प्रश्नच नव्याने मांडला.

इंडी या शब्दाचा अर्थ छोट्या, स्वतंत्र कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करणारा बँड असा काटेकोरपणे घेतला, तर तो १९८० च्या दशकातल्या फ्लेमिंग लिप्सला लागू पडतो, १९९७ मधल्या नाही. कारण तोवर हा बँड वॉर्नरसारख्या बड्या कंपनीकडे येऊन काही वर्षे झाली होती. मात्र वृत्तीच्या अर्थाने घेतला तर मोठ्या कंपनीच्या पैशातून इतकी आडमुठी वस्तू बाजारात आणणाऱ्यांना इंडी म्हणायला माझी तरी हरकत नाही.

नावाचा अर्थ काय?

‘झाईर’ आणि ‘युरेका’ या दोन शब्दांची ही जोडणी आहे. झाईर या मध्य आफ्रिकी देशातील राजकीय अंदाधुंदीविषयीची बातमी कॉइनने रेडिओवर ऐकली होती. एकीकडे सगळी व्यवस्था कोसळणे आणि दुसरीकडे एकदम काहीतरी सापडल्याचा आनंद, या दोन गोष्टी एका शब्दात कोंबण्याचा हा प्रयत्न होता. गंमत अशी की मे १९९७ मध्ये तेथील हुकूमशहा मोबुटू यांची राजवट उलथली आणि देशाचे नाव बदलून कांगोचे लोकशाही प्रजासत्ताक असे झाले. म्हणजे ऑक्टोबरात अल्बम दुकानात पोहोचला, तेव्हा ज्या देशावरून त्याचे नाव पडले, तो त्या नावाने नकाशावर उरलाच नव्हता.

चार सीडींची कल्पना कोठून आली?

ती मोटारींच्या वाहनतळावरून आली, आणि अल्बमचा स्वभाव समजून घ्यायचा तर ही हकीकत माहीत असायला हवी. कॉइन तरुण असताना एका मैफलीच्या बाहेर, वाहनतळावर उभ्या असलेल्या अनेक गाड्यांच्या रेडिओंवर एकाच वेळी तेच गाणे लागलेले त्याच्या कानी पडले. एका गाडीतून ते किंचित आधी, दुसरीतून किंचित नंतर, कुठे काच खाली केलेली, कुठे बंद. श्रोता दोन पावले सरकला की गाण्याचा आकार बदलत होता. गणेशोत्सवात दोन मंडळांच्या मधल्या गल्लीत उभे राहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपण त्याला कलकलाट म्हणून पुढे जातो. कॉइनने त्यातील रचना हेरली.

पुढे १९९६-९७ मध्ये त्याने यातून ‘पार्किंग लॉट एक्सपेरिमेंट्स’ हा प्रयोग उभा केला. त्याने ४० कॅसेट तयार केल्या आणि लोकांना आपापल्या मोटारी घेऊन वाहनतळावर बोलावले. प्रत्येक गाडीला एक कॅसेट दिली, अंक मोजून सर्वांना एकदम बटन दाबायला सांगितले, आणि गाड्यांच्या टेपमधून सुमारे २० मिनिटांची एक रचना त्या जागेत फिरत राहिली. ओक्लाहोमा सिटीमध्ये सुरू झालेला हा प्रयोग मार्च १९९७ मध्ये ऑस्टिन येथील ‘साउथ बाय साउथवेस्ट’ या महोत्सवातही झाला. पुढच्या पायरीवर मोटारींची जागा टेपरेकॉर्डर हातात घेतलेल्या स्वयंसेवकांनी घेतली आणि कॉइन त्यांच्यासमोर उभा राहून वाद्यवृंदाच्या संचालकासारखा हातवाऱ्यांनी आवाज चढवू-उतरवू लागला. ते ‘बूमबॉक्स एक्सपेरिमेंट्स’.

४० मोटारी कोणाच्या घरात मावणार नाहीत. तेव्हा हाच अनुभव दिवाणखान्यात कसा आणता येईल, या विचारातून चार सीडींचा संच जन्माला आला. हे ध्यानात ठेवले, की हा अल्बम म्हणजे विकत घेऊन कपाटात ठेवायची तयार वस्तू नसून चार जणांनी मिळून करायच्या प्रयोगाची सामग्री आहे, हे मनात पक्के बसते आणि पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

कोणत्याही कंपनीने याला परवानगी कशी दिली?

बँडचा व्यवस्थापक स्कॉट बुकर याने कंपनीची समजूत घातली. याच काळात, याच स्टुडिओत आणि याच निर्मात्याबरोबर बँडचा पुढचा, ‘सरळ’ म्हणता येईल असा अल्बमही आकार घेत होता, आणि विक्षिप्त अल्बमाच्या जोडीने विकण्याजोगा अल्बमही मिळणार आहे, हा युक्तिवाद अखेर पटला. तो दुसरा अल्बम म्हणजे १९९९ मध्ये आलेला ‘द सॉफ्ट बुलेटिन’. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले आणि बँडचे उरलेले आयुष्य एका अर्थाने त्याने बदलून टाकले. ध्वनिमुद्रणाचे काम न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात कॅसाडागा येथे, निर्माता डेव्ह फ्रिडमनच्या टारबॉक्स रोड स्टुडिओत झाले.

आजच्या काळात चार सीडी प्लेयर आणायचे कोठून?

विचारून पाहावे, घरोघरी निघतात. फक्त लोकांना ते आपल्याकडे आहेत हे आठवत नाही. सीडी प्लेयर आहे का असे विचारले तर नाही असे उत्तर मिळते, पण जुना डीव्हीडी प्लेयर आहे का, सीडी चालणारा टू-इन-वन आहे का, पूर्वीच्या लॅपटॉपला बाजूने उघडणारी खाच आहे का, असे एकेक करून विचारले की माळ्यावरून काही ना काही खाली येते. डीव्हीडी प्लेयरमध्ये साधी ऑडिओ सीडी वाजते, हेही अनेकांच्या ध्यानात नसते.

आमच्या पहिल्या बैठकीला एक घरातली म्युझिक सिस्टीम, एक मावशीकडचा टू-इन-वन, एक टीव्हीला जोडलेला डीव्हीडी प्लेयर आणि एक लॅपटॉप अशी चौकडी जमली होती. टू-इन-वनचे झाकण नीट बसत नव्हते म्हणून त्यावर शब्दकोश ठेवला होता. डीव्हीडी प्लेयर मात्र सीडी आत गेल्याबरोबर कोणाला न विचारता स्वतःहून वाजायला लागे, आणि त्याला थांबवून पुन्हा पहिल्या ट्रॅकवर आणेपर्यंत बाकीचे तिघे कंटाळून आपापले बटन दाबून मोकळे होत. शेवटी भिंतीवरच्या एकाच प्लगमधून काढलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर हा सारा भार असल्याने तिसऱ्या गाण्यात बोर्डाने मान टाकली. पूर्ण फसलेली बैठक ती हीच. तेव्हापासून दोन निरनिराळ्या प्लगमधून जोडणी घेतली जाते.

ब्लूटूथ स्पीकर मात्र शक्यतो वापरू नये. आवाज बिनतारी पाठवताना तो आधी दाबून बारीक करावा लागतो आणि स्पीकरमध्ये पुन्हा उलगडावा लागतो. यात साधारणपणे दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात आणि ती सीडी सतत इतरांच्या मागून चालत राहते. तारेने जोडलेला साधा स्पीकर कितीही स्वस्त असला तरी या कामी अधिक विश्वासाचा.

चार प्लेयर तंतोतंत एकाच वेळी सुरू कसे करायचे, आणि मागेपुढे झाले तर सगळे बिघडले असे समजायचे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे दोन भाग आहेत.

पहिला भाग केवळ हातोटीचा आहे. थांबलेल्या अवस्थेतून बटन दाबले तर प्रत्येक यंत्र सीडी फिरवून, तिच्यावरची अनुक्रमणिका वाचून मग वाजू लागते आणि या कामाला कोणाला एक सेकंद लागतो तर कोणाला चार. म्हणून चारही प्लेयर आधी पहिल्या ट्रॅकवर सुरू करून लगेच पॉज करावेत आणि मग एकाने मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ म्हणून सर्वांनी एकदम पॉज सोडावा. सीडी आत फिरतच असते, त्यामुळे आवाज जवळजवळ तत्काळ येतो. प्रत्येक प्लेयरपाशी एक माणूस हवा. एकाच माणसाने दोन रिमोट दोन हातांत धरण्याचा मोह टाळावा, कारण दोन्ही हात एकाच क्षणी दाबले गेले असे वाटते, प्रत्यक्षात तसे होत नाही. गाणे संपले की पुन्हा सर्वांनी पॉज करून पुढचा ट्रॅक नव्याने जुळवून घेणे हा सुज्ञ मार्ग.

दुसरा भाग यंत्रांच्या स्वभावाचा आहे. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने आवाज साठवलेला असतो, आणि प्लेयरमधील स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे घड्याळ तो त्या वेगाने बाहेर सोडते. कोणतीही दोन घड्याळे अगदी सारखी नसतात. समजा, एकाचे घड्याळ दुसऱ्यापेक्षा दहा लाखांत १०० भागांनी पुढे धावते. पाच मिनिटांचे गाणे म्हणजे ३०० सेकंद. तेवढ्यात हा फरक ३० मिलिसेकंदांवर जातो. दोन आवाजांमध्ये साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांपर्यंतचे अंतर असेल, तर कान त्यांना एकच समजतो आणि ते अंतर आवाजाच्या दाटपणात मुरून जाते. त्याहून जास्त झाले की दुसरा आवाज प्रतिध्वनीसारखा सुटा ऐकू येऊ लागतो. म्हणजे गाण्याच्या आरंभी घट्ट असलेली वीण शेवटाकडे जाता जाता हळूहळू सैल होत जाते. बटन दाबताना झालेली मानवी चूक यात आणखी भर घालते, आणि ती सहसा यंत्राच्या चुकीपेक्षा मोठी असते.

आता, हे बिघडणे आहे का? संगीतकारांना सीडी प्लेयरचा हा दोष ठाऊक होता आणि तो गृहीत धरूनच गाणी बांधली आहेत. एकाच सीडीवर असलेला, तबल्याच्या ठेक्यासारखा ताल आणि त्याभोवती इतर तीन सीडींवर पसरलेले सूर थोडे मागेपुढे झाले तरी गाणे तुटत नाही. उलट तेच ड्रम दोन सीडींवर असतात, तेव्हा किंचित फरकाने एकाचे दोन होतात आणि भिंती हलल्याचा भास होतो. शास्त्रीय मैफलीत गवयाच्या मागे दोन तानपुरे असतात आणि ते छेडणारे दोघे एकमेकांच्या बोटांकडे पाहून एकाच वेळी तार छेडत नाहीत. दोन छेडण्यांमधले ते अंतर सतत बदलत राहते म्हणूनच स्वरांची ती दाट, हलती पार्श्वभूमी तयार होते. ‘झाईरीका’ला लावायचा कान साधारण असा असावा. त्याच घरात, त्याच चार यंत्रांवर, त्याच माणसांनी दुसऱ्या दिवशी लावला तरी तो आदल्या दिवशीसारखा वाजत नाही.

अर्थात याला मर्यादा आहे. दोन-तीन सेकंदांचा फरक पडला तर त्याला सौंदर्य म्हणू नये. थांबवावे आणि पुन्हा सुरू करावे.

एकट्याने ऐकता येतो का? चारपैकी दोनच सीडी लावल्या तर?

चालते. चार सीडींमधून एक, दोन, तीन किंवा चारही निवडण्याच्या एकूण १५ रीती होतात: चार एकेकट्या, सहा जोड्या, चार त्रिकुटे आणि एक संपूर्ण संच. कमी सीडी लावून ऐकणे हेही या अल्बमच्या रचनेत अभिप्रेत आहे. एकटी सीडी ऐकताना काही गाण्यांत बराच वेळ जवळजवळ काहीच घडत नाही आणि मग अचानक कुठूनतरी एक सुरावट येऊन निघून जाते. ती कोणाला उत्तर देत होती, हे इतर सीडी लावल्याशिवाय कळत नाही. फोनवर बोलणाऱ्या माणसाची फक्त एकच बाजू ऐकावी, तसे ते वाटते. मी स्वतः दोन सीडींची जोडी लावून अनेकदा ऐकतो, पण ज्याला पहिल्यांदाच ऐकायचा आहे त्याने चारही जमवूनच सुरुवात करावी.

चारही सीडी संगणकावर एकत्र करून एकच फाइल का बनवू नये?

बनवता येते, आणि चाहत्यांनी अशा मिश्रित आवृत्त्या केव्हाच बनवल्या आहेत. अभ्यासासाठी, कोणत्या सीडीवर काय आहे हे तपासण्यासाठी त्या उपयोगी आहेत, आणि हेडफोन लावून बसप्रवासात ऐकायला त्या कोणाला आवडल्या तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. तरीही माझे मत विचारले तर मी सांगेन की त्यातून गाणी मिळतात, अल्बम मिळत नाही. आठ वाहिन्या दोन वाहिन्यांत कोंबल्या की दिशा नाहीशी होते. चार घड्याळांची घसरण नाहीशी होते. मुख्य म्हणजे ‘तयार? एक, दोन, तीन’ म्हणणारी चार माणसे नाहीशी होतात.

स्पीकर कसे मांडावेत आणि श्रोत्यांनी बसावे कोठे?

खोलीच्या चार कोपऱ्यांत चार प्लेयर ठेवून माणसांनी मध्ये बसावे, ही सर्वांत सोपी मांडणी. १२ फूट बाय १२ फूट खोलीत आवाज एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत सुमारे १० ते ११ मिलिसेकंदांत पोहोचतो, तेव्हा कोठे बसलो यानेही वर सांगितलेल्या हिशेबात थोडी भर पडते. यंत्रे वेगवेगळ्या ताकदीची असतील तर सर्वांत दुबळ्या यंत्राचा आवाज पूर्ण वाढवून बाकीच्यांचा त्याच्या मापाने कमी करावा. याच्या उलट केल्यास दुबळे यंत्र ऐकूच येत नाही. आणि बसून राहण्याची सक्ती नाही. ऐकताना उठून फिरावे, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहावे, एका यंत्राजवळ कान न्यावा. आमच्या तिसऱ्या बैठकीत चौथी सीडी जागेअभावी आतल्या खोलीत ठेवली होती, आणि चहा आणायला उठलेल्या प्रत्येकाने परत येऊन सांगितले की दोन खोल्यांच्या मधल्या उंबरठ्यावर हे गाणे सर्वांत चांगले वाजते.

सहाव्या गाण्याबद्दल इशारा दिलेला असतो, तो खरा की जाहिरातबाजी?

खरा. ‘हाउ विल वी नो?’ या गाण्यात अतिशय उंच आणि अतिशय खालच्या कंप्रतेचे ध्वनी मुद्दाम वापरलेले आहेत, आणि अशा ध्वनींमुळे क्वचित श्रोत्याला गरगरल्यासारखे होऊ शकते, अशी सूचना वेष्टनावरच दिलेली आहे. गाडी चालवताना हे गाणे ऐकू नये आणि तान्ही मुले जवळ असताना लावू नये, हे पाळावेच. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, पण वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येत जाते. आमच्याकडे हे गाणे लागले तेव्हा आम्ही चाळिशीपुढची मंडळी शांतपणे, काहीशा बुचकळ्यात बसून होतो, आणि बारा वर्षांची भाची मात्र दोन्ही कानांवर उशी दाबून ‘बंद करा ना मामा!’ म्हणून ओरडत होती. तिला जे ऐकू येत होते, ते आमच्या कानांतून केव्हाच गेले होते.

स्पीकर फार मोठ्या आवाजात असतील तर या गाण्याआधी तो कमी करावा. घरात पाळीव प्राणी असतील तर त्यांना दुसरीकडे न्यावे.

‘अ मशीन इन इंडिया’ हे गाणे भारताविषयी आहे का?

नाही. नावात भारत आहे म्हणून सतारीची वाट पाहत बसू नये.

इतर गाण्यांत काय आहे?

‘थर्टी-फाइव्ह थाउजंड फीट ऑफ डिस्पेअर’ हे विमान हवेत असताना मनाचा तोल ढासळलेल्या वैमानिकाचे गाणे आहे. ३५,००० फूट ही प्रवासी विमानाच्या उड्डाणाची नेहमीची उंची. चारही बाजूंनी आवाज येत असल्यामुळे आपण त्या विमानाच्या आत बसलो आहोत, ही जाणीव येथे नुसत्या शब्दांनी आली नसती इतकी थेट येते. ‘रायडिंग टु वर्क इन द इयर २०२५’ लिहिले गेले तेव्हा ते वर्ष २८ वर्षे दूर होते. पाचव्या गाण्याच्या शीर्षकात आगगाडी उंटाला चिरडून जाते पण चिलटामुळे रुळावरून घसरते. बायबलमधील, चिलट गाळून काढणाऱ्या आणि उंट गिळणाऱ्या ढोंगी माणसांच्या वचनाची ती उलटापालट दिसते. ‘मार्च ऑफ द रॉटन व्हेजिटेबल्स’ हा शब्दांविना चालणारा तुकडा ड्रोझ्डच्या ड्रमवादनासाठी ऐकावा. ढोल-ताशा पथकाच्या अगदी मधोमध सापडलेल्या माणसाला अंगावर जसे वाटते, त्याच्या जवळ जाणारे या अल्बममध्ये काही असेल तर ते हे.

शेवटचे ‘द बिग ओल बग इज द न्यू बेबी नाउ’ हे गाण्यापेक्षा गोष्ट अधिक आहे. घरातल्या कुत्र्यांना खेळायला आणलेली कापडी खेळणी आणि त्यांतील एका मोठ्या किड्याला पिल्लू मानून त्याच्यावर जीव लावणारे कुत्रे, एवढेच त्याचे कथानक. कॉइन ते घरी गप्पा माराव्यात तसे सांगतो. गोष्ट संपते आणि चार कोपऱ्यांतून कुत्री भुंकू लागतात. अर्धी फसलेली बैठक येथेच फसली. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या कुत्र्याने या हाकेला मनापासून ओ दिली, त्याला गल्लीतल्या मंडळींनी साथ केली, आणि सीडी संपून गेल्यावरही कार्यक्रम दहा मिनिटे चालू राहिला. काका वर आले तेव्हा त्यांना चार प्लेयर दाखवून सगळे समजावून सांगितले. ते थोडा वेळ पाहत राहिले आणि ‘एकावर भागत नाही का?’ एवढेच विचारून खाली गेले.

या अल्बमला शून्य गुण मिळाले होते, हे खरे का?

खरे आहे. पिचफोर्क या संगीतविषयक प्रकाशनाने त्याला १० पैकी ०.० गुण दिले होते. पुढे याच प्रकाशनाच्या संपादकपदी आलेल्या मार्क रिचर्डसन यांनी या एकाच अल्बमवर संपूर्ण पुस्तक लिहिले, हेही तितकेच खरे. मला स्वतःला हे दोन्ही निकाल समजण्यासारखे वाटतात. घाईत असलेल्या परीक्षकाच्या टेबलावर चार सीडी येऊन पडल्या तर त्याचा राग समजू शकतो, आणि एकदा चार मित्रांच्या संगतीत ऐकला की त्यावर दोनशे पाने लिहावीशी वाटणेही समजू शकते.

असे याआधी किंवा नंतर कोणी केले आहे का?

याआधीचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे जॉन केज यांची १९५१ मधली ‘इमॅजिनरी लँडस्केप क्रमांक ४’ ही रचना. तिच्यात वाद्ये म्हणून १२ रेडिओ आहेत आणि प्रत्येक रेडिओवर दोन माणसे, एक केंद्र बदलण्यासाठी आणि दुसरा आवाज कमीजास्त करण्यासाठी, बसवलेली असतात. त्या क्षणी हवेत काय प्रसारित होत आहे, यावर संगीत ठरते. नंतरचे उदाहरण ‘न्यूरोसिस’ या अमेरिकी बँडचे. त्यांनी १९९९ मध्ये ‘टाइम्स ऑफ ग्रेस’ हा अल्बम काढला आणि त्याच वर्षी ‘ट्राइब्स ऑफ न्यूरोट’ या आपल्याच दुसऱ्या नावाने, त्याच्या जोडीने एकाच वेळी वाजवता येईल असा ‘ग्रेस’ हा अल्बम दिला. दोन प्लेयर असलेल्यांनी सरावासाठी तेथून सुरुवात करायला हरकत नाही.

फ्लेमिंग लिप्सनेही हा नाद सोडलेला नाही. २०११ मध्ये त्यांनी एकाच गाण्याचे १२ भाग १२ स्वतंत्र व्हिडिओंच्या रूपात दिले, जे १२ फोनवर एकदम लावायचे होते. त्याच वर्षी त्यांनी २४ तास चालणारे एक गाणेही काढले. ते मी पूर्ण ऐकलेले नाही.

याची ध्वनिमुद्रिका निघाली आहे, ती घ्यावी का?

२०१३ च्या रेकॉर्ड स्टोअर डेच्या, म्हणजे ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांसाठी दरवर्षी साजरा होणाऱ्या दिवसाच्या, निमित्ताने चार तबकड्यांचा संच निघाला होता. संग्रहासाठी तो देखणा असेल, पण वाजवण्यासाठी चार टर्नटेबल लागतात आणि तबकडीच्या फिरण्याच्या वेगातला फरक सीडी प्लेयरच्या फरकाहून कितीतरी मोठा असतो. वेगाबरोबर स्वरही चढतो किंवा उतरतो. तेथे तानपुऱ्याची उपमा लागू पडत नाही, बेसूर होते. सीडीच घ्याव्यात.

हा बँड कधीच ऐकलेला नाही. सुरुवात यापासून करावी का?

करू नये. आधी ‘द सॉफ्ट बुलेटिन’ ऐकावा, तोही साध्या स्टिरिओवर. एकाच स्टुडिओत, एकाच काळात जन्मलेली ही दोन भावंडे आहेत. मोठा घर सोडून भटकायला गेला आणि धाकट्याने त्याने शोधून आणलेल्या गोष्टी नीट घडी घालून कपाटात लावल्या. तंतुवाद्यांचे ते लोट आणि ड्रमचा तो प्रचंड घुमणारा आवाज ओळखीचा झाला की मग चार कोपऱ्यांत त्याचा पसारा मांडलेला ऐकताना भांबावून जायला होत नाही.

बैठकीला येताना काय आणावे?

चालू स्थितीतला प्लेयर असल्यास तो, त्याच्या वायरीसह. रिमोट असल्यास त्यात सेल घालून, कारण सेल निकामी आहेत हे ‘तीन’ म्हटल्यावरच कळते. खाण्याचे काही आणायचे तर कुरकुरीत नको. शांत जागी चिवड्याचा आवाज पाचव्या सीडीसारखा ऐकू येतो.